केसभर

चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली.
दोन पॉइंट जास्त कापलं की जॉब भंगारात,
हे हाताला इतकं पाठ झालंय
की भाकरीची जाडीसुद्धा मी चिमटीत धरून बघतो
आणि हौसा ताट मागं ओढते.

सूक्ष्मदर्शक मिळालं लक्ष्मीपुरीत, किलोवर.
कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेलं,
पितळ काळवंडलेलं, आरशाला तडा,
बारीक फोकसच्या स्क्रूचे आटे झिजून सपाट.
"मिस्त्री, नळी अस्सल पितळंची हाय,
वितळवली तरी पैसं वसूल," भंगारवाला म्हणाला.
मी तीन रात्री बसून नवा स्क्रू काढला.
अर्ध्या मिलिमीटरची पिच.
एवढा नाजूक आटा
कुठल्या गिऱ्हाइकासाठी मारला नव्हता.

पहिला थेंब रंकाळ्याचा.
संध्यामठाच्या अंगाला, शेवाळ पायरी धरून असतं तिथला,
लोणच्याच्या बाटलीतून आणलेला.
बाटलीला हिंगाचा वास राहिलाच होता.
दिसलं काहीच नाही. नुसतं धुकं.
मग स्क्रू केसभर फिरवला,
आणि कुणीतरी
माझ्या डोळ्यावरून धावत गेलं.

मी खुर्ची मागं ढकलली. खरंच.

दुसऱ्या दिवशी सुभाषनगरातनं तायाप्पाला बोलावलं.
पुस्तकात लिहिलंय, हा जीव चपलेच्या आकाराचा,
म्हटलं, जाणकाराला दाखवू.
तायाप्पानं एक डोळा मिटला, श्वास धरला.
"ही आमच्यातली न्हवं.
अंगठा कुठाय? कान कुठायत? तळ तरी शिवलाय का?"
बराच वेळ तसाच वाकून राहिला. चहा गार झाला.
"पर चालतीया बघ कशी.
कर्र न्हाई का कुर्र न्हाई.
असली एक जोडी, भावा, हयातीत जमली न्हाई मला."

शास्त्रातली नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत.
मीच ठेवलीत.
तोंडापुढं दोन चाकं फिरवतो तो गिरणीवाला.
देठावर उभा असतो, धक्का लागला की झटक्यात आखडतो, तो स्प्रिंग.
(कुणी गुंडाळली असेल, कसल्या मँड्रेलवर?)
आणि त्या काचेच्या डब्या, होडीसारख्या,
अंगावर खाचा, खाचेला खाच सारख्या अंतरावर.
एका रात्री मोजत बसलो.
चुकलेली एक सापडेना.
मला चुकलेली सापडायला हवी होती.

परवा अकराच्या सुमाराला लाइट गेली.
नेमका एक जीव मधोमध आवळत चालला होता,
एकाचे दोन व्हायला आलेला.
हौसाला उठवलं. ती मोबाइलची बॅटरी धरून उभी,
पदरानं जांभई झाकत.
थेंब कडेनं सुकत होता,
पाण्याची भिंत आत आत सरकत होती,
सगळे मधल्या ओलाव्याकडं लोटलेले,
गिरणीवाला, स्प्रिंग, सगळे.
मी काडीच्या टोकानं पाणी लावलं.
हात थरथरला. लेथवर कधी थरथरला नव्हता.
हौसा म्हणाली, "सरका, बघू दे मला."
पहिल्यांदाच बघत होती.
मग तोंड न उचलता विचारलं,
"ह्यांना कळतंय का हो, आपण आहोत ते?"
माझ्याकडं ह्याला माप नव्हतं.

पहाटे बाटली घेऊन पुन्हा पायरीवर.
फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले,
पायातलं काढलं, हात जोडले,
हळूच म्हणाले, "घरातलं कोण?"
"नाही हो," म्हटलं, "पाहुणे होते. पोचवायला आलोय."
ते गेले, दोनदा मागं वळून बघत.

बाटली पालथी केली.
तळाला एक थेंब चिकटून राहिला.
झटकला. पडेना.
बूच लावलं, आणि घराकडं निघालो.