दोन प्रती

पासपोर्टाच्या दोन प्रती काढतो, सिस्टर, पैसे एकीचेच द्या.
दुसरी माझ्या आग्रहाची.
एक पिशवीच्या तळाशी, एक मागे कुणाकडे तरी.
आणि खरा पासपोर्ट अंगावर. उशीखाली नको;
उशी हॉटेलची असते, ती मागेच राहते.

अकरा वर्षं या सहा बाय आठच्या दुकानात
मी लोकांचे चेहरे काचेवर पालथे घालतोय.
वागळे इस्टेटचा अर्धा पत्ता ‘त्या झेरॉक्ससमोर’ असाच सांगतात.
जाताना सगळे विचारतात,
परत आलेला कुणी सांगायला येत नाही.
शेवटी भिशी लागली तेव्हा
आम्ही दोघंच जाऊन आलो. हनोई. चार रात्री.

तुमची रजा पाच दिवसांची ना?
मग एकच शहर करा.
पाच दिवसांत तीन शहरं करणाऱ्यांच्या फोटोत
बसस्टँडच जास्त असतात.

स्वस्त तिकिटात सात किलो म्हणजे सात किलो.
बॅग भरली की पलीकडे गोवर्धन रद्दीवाल्याकडे आणा.
त्याचा काटा पाव किलो कमी दाखवतो,
हे अख्ख्या इस्टेटीला माहीत आहे.
त्याच्याकडे पावणेसात भरले की थांबायचं.

विमानतळावर बसपुरतेच पैसे बदला, बाकीचे गावात.
लाखाची नोट हातात आली की माणूस फुगतो.
ही पहिल्या संध्याकाळी म्हणाली, मी लखपती!
रात्री हिशेब केला,
लाखात दोघांचं जेवण झालं होतं फक्त,
तेही भाताशिवाय.

हॉटेलचं नाव त्यांच्या लिपीत कागदावर उतरवून घ्या,
मोबाईल नेमका गल्लीच्या तोंडाशी मरतो.
तिथे ‘चाय’ म्हणजे शाकाहारी.
चहाला म्हणतात ‘चा’.
मी दोन दिवस चाय, चाय करत होतो
आणि समोर टोफू येत होतं.
वाईट नव्हतं. पण सकाळी सहाला?

रस्ता तीन हात नाक्यासारखाच ओलांडायचा.
धावायचं नाही, मध्येच थांबायचं नाही,
एका चालीने चालत राहायचं, स्कूटरी वळसा घालतात.
गावाच्या मध्ये तळं आहे, आपल्या तलावपाळीसारखं.
संध्याकाळी म्हाताऱ्या बायका तिथे हातवारे करत व्यायाम करतात.
वाट चुकलात तर तळ्यापाशी या. मी तीनदा आलो.
भाव मात्र जांभळी नाक्यावर करता तसा करू नका.
थोडा करा, हसून करा.
ती विकणारी बाईही पहाटे चारला उठलेली असते,
तुमच्या रात्रपाळीसारखीच.

एकट्याच जाताय का, विचारत नाही.
फॉर्म काचेवर ठेवला तेव्हा
‘आपत्कालीन संपर्क’ हा रकाना कोरा दिसला,
म्हणून बोललो.
तो कोरा ठेवू नका. सिस्टर, तुम्हाला मी काय सांगणार,
वॉर्डात असा कोरा कागद आला की तुम्ही काय करता?
हा घ्या दुकानाचा नंबर.
नातं विचारलं तर लिहा: झेरॉक्स.
बरं, लिहा शेजारी.
दुसरी प्रत मग इथेच राहू दे, ड्रॉवरमध्ये.

आणि थांबा, ही नोट.
वीस हजाराची. घाबरू नका, एका कॉफीचे आहेत.
शेवटच्या दिवशी हिला अजून एक हवी होती,
फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून.
मी म्हटलं, उशीर होईल, विमानतळावर घेऊ.
विमानतळावर तीच कॉफी लाखाला.
चार वर्षं झाली, चहा गार झाला की अजून ऐकवते.
तेव्हा हे एवढं लक्षात ठेवा:
जे आवडलं ते तिथल्या तिथे प्या.

पैसे परत नकोत.
फक्त आल्यावर इकडून जा,
तिला सांगायला, साखर किती होती.

दोन रुपये सुट्टे आहेत का?