दुसऱ्या सालचा डबा

तळपदेबाईंची एस्टीम, साल दोन हजार,
माहीमहून कुर्ल्याला टोचन करून आली तेव्हा
ग्लोव्ह बॉक्समागचा कॉम्प्युटर
आतून हिरवा झाला होता, टाकीतल्या शेवाळासारखा.
एसीचा पाइप ठिबकत होता त्याच्यावर, तीन उन्हाळे.
पायाशी ओलं लागायचं.
बाईंना वाटायचं, बाटली सांडली असेल.

त्याच सालचा डबा कुठे मिळतोय आता.
सीएसटी रोडला घोरीभाईच्या गाळ्यात
गिअरबॉक्सच्या ढिगाखालून तौसिफनं एक ओढून काढला.
तीच कंपनी, तोच आकार, तेच चार स्क्रू,
साल मात्र तीन.
"बसेल," घोरीभाई म्हणाला.
घोरीभाईकडे न बसणारी वस्तू
मी वीस वर्षांत पाहिलेली नाही.

बसला. खट् असा आवाजही झाला.
पण प्लग बसला म्हणजे सोयरीक जमली असं नाही.
चावी फिरवली तर पंखा सुटला वेड्यासारखा,
पंप गप्प,
आणि चेक इंजिनचा दिवा मंद, अर्धवट,
झोपेत एक डोळा उघडल्यासारखा.

तीन सालांत कंपनीनं आतली माणसं हलवली होती.
जिथं पंप बसायचा, तिथं पंखा.
माझ्याकडचा नकाशा झेरॉक्सची झेरॉक्स,
रंगांच्या जागी अक्षरं,
आणि 'बी' म्हणजे काळा की निळा
यावर तौसिफचं नि माझं दुपारपर्यंत वाजलं.
शेवटी बायकोची गोधडीची सुई घेऊन
एकेक पिन मागून उचलली,
गुलाबी-काळी इकडे, पांढरी-निळी तिकडे.
एक वायर उरली.
दर कामात एक उरते, विचारू नका.
तिला टेप गुंडाळून गालिच्याखाली निजवली.

बाईंना एक सांगितलं नाही.
डब्याच्या पाठीवर मार्करनं लिहिलं होतं
'खोपोली, टोटल', खाली तारीख,
कुणा सर्व्हेअरच्या गिचमिड अक्षरात.
थिनरनं पुसलं.
'टोटल' लगेच गेलं,
'खोपोली'ला दोनदा घासावं लागलं.
आणि बॅटरीची वायर काढून ठेवली.
पंधरा मिनिटं पुरतात म्हणे,
डबा विसरतो आधीच्या माणसाचा पाय,
कुठल्या चढाला तो किती दाबायचा ते.
मी जेवून आलो. चहा घेतला.
हात धुतले, पुन्हा धुतले.
तरी जोडली नाही.

साडेचारला धरली, एका सेल्फात.
बाई स्टिअरिंगवर, मी बाजूला, तौसिफ मागे.
एसी बंद, पाय कशालाच लावायचा नाही,
काटा अकराशेवर थरथरत.
"हिला एवढी घाई कधी नव्हती," बाई म्हणाल्या.
"शिकू द्या तिला," मी म्हटलं.
बसलो तिघं, कुठेच न जाता.
शेजारच्या गाळ्यात कुणी दार ठोकून सरळ करत होतं.
काटा हजारावर आला, नऊशेवर,
मग साडेआठशेला टेकला, आणि राहिला.

बाईंनी पर्समधून वही काढली.
गाडी घेतल्यापासूनचं पेट्रोल त्यात, पंक्चरं,
एकदा दारात अडकून फाटलेल्या साडीचे साडेसातशेसुद्धा.
'कॉम्प्युटर जुना, अठ्ठावीसशे' लिहून
पेन थांबवलं.
"साल कुठलं घालू?"
"गाडीचंच घाला."

चौथ्या दिवशी फोन.
"अहो, गाडी छान आहे. पण बंद केल्यावर
पंखा चालूच राहतो थोडा वेळ.
आधी राहत नव्हता."
"त्या सालच्या गाड्यांना सवय असते तशी."
"कुठल्या सालच्या?"
मी काही बोललो नाही.
फोनमधून पंखा ऐकू येत होता,
बाईंच्या श्वासामागे,
बिल्डिंगच्या बंद पार्किंगमध्ये.
"थांबला बघा," त्या म्हणाल्या. "आत्ता थांबला."