मूळ

धारूरच्या शाळेत एप्रिलला पट वाढतो.
कारखान्यांचे पट्टे पडतात, पोरं परत येतात,
हातांवर पाचटाच्या चिरा घेऊन.

आज आकाश शिकवायचं होतं.
पटांगणात चुन्यानं नक्षत्रं आखली,
शेजारून ओंजळभर ज्वारी मागून आणली.
एक दाणा म्हणजे एक गोल तारकागुच्छ,
लाखो सूर्य एकमेकांना धरून,
पाकाशिवाय वळलेला राजगिऱ्याचा लाडू.
आकाशगंगेतले सगळ्यात म्हातारे.

दीडशे दाणे.
मृगाच्या पायाशी एक.
कृत्तिकांकडं चिटपाखरू नाही.
बाकी झुंबड एकाच अंगाला,
विंचवाची नांगी, धनूचं टोक,
मूळ नक्षत्र.
तिथं बोट टेकायला जागा राहिना.

"असं एकीकडंच का सांडलं, बाई?"

उत्तर मी तयार ठेवलं होतं.
पण झुंबर बोलला, पाच महिन्यांनी वर्गात आलेला:
"कोपीतून रात्री असंच दिसायचं.
ह्या अंगाला एक दिवा, त्या अंगाला एक,
अन् एकीकडं नुसते दिवेच दिवे.
तिकडं कारखाना.
आपून लांब, फडात."

मी खडू खाली ठेवला.

*

माझा जन्म मुळावरचा.
"पोरगी सासऱ्याच्या मुळावर उठेल,"
तीन स्थळांनी कळवलं. चौथं आलं नाही.
आईनं शांत केली होती.
सत्तावीस विहिरींचं पाणी लागतं;
त्या साली गावात तेवढ्या विहिरींना पाणी नव्हतं,
अठरांवर भागवलं.

पहाटे तीनला गच्चीवर जाते.
मुख्तारचाचांनी घड्याळं दुरुस्त करता करता
दोन वर्षं घासलेला आरसा आता माझ्याकडं असतो.
धनूत एक गुच्छ सापडतो.
आधी ओल्या बोटानं पुसल्यासारखा डाग,
मग डोळा सरावला
की कडेकडेनं दाणे सुटायला लागतात.
हे नुसते दिवे.
कारखाना त्यांच्याही मागं, धुळीत.

लेकीला आणायला माहेरहून माणूस धाडतात
त्यालाही मूळच म्हणतात.
मला न्यायला कोण येणार,
मी गेलेच नाही कुठं.
पण हा उजेड
दहा हजार वर्षांमागं निघाला तिकडून,
वाटेत कुठं टेकला नाही,
आत्ता पोचला, माझ्या पापणीशी.

लांबून आलेल्याला आमच्याकडं
आधी गूळपाणी देतात.
मी नुसतीच बघत राहिले,
मान अवघडेपर्यंत.