काट्यावर

सर्जेकोटच्या बंदरात लिलावाची वही मी लिहिते.
भिकाजी खवणेकर ओरडतो, मी आकडा मांडते:
बांगडा, दोन टोपल्या, एकेचाळीस किलो.
सुरमई, सुटी, नऊ किलो सहाशे.
सत्तावीस नोव्हेंबरच्या पानावर, खालच्या समासात,
माझ्याच अक्षरात:
लेपा. एक किलो दोनशे.

तो मासा नव्हे.
तांबडी कुत्री ओढून ठेवलेल्या होडीखाली व्याली,
तिची पाच. नावं पोरांनी ठेवली:
पेडवा, सौंदाळा, कर्ली, मुडदुशी,
आणि ज्याचं पोट सगळ्यांत मोठं
त्याला थट्टेनं लेपा.

पोट टणक, गोल, बोयासारखं.
बायका म्हणायच्या, मासळीवर वाढलाय, खाऊन खाऊन फुगलाय.
मीही म्हटलं. कोलंबीची डोकी टाकली पुढ्यात.
ती संपवून तो पुन्हा माझ्या हातांकडे बघायचा.

पाठीवरून बोटं फिरवली तेव्हा
मणके लागले एकेक,
जाळ्याच्या दोरीवरच्या शिशाच्या गोळ्यांसारखे.
केस राठ, उन्हात विसरलेला काथ्या.
रात्री ठसकायचा.
एकदा खोकून खोकून वाळूत काहीतरी ओकला.
मला वाटलं, शेवया.
इथे कोणी टाकल्या शेवया?
शेवई हलली.

मंगळवारी दवाखान्याची जीप येते, शेळ्यांसाठी.
शेर्लेकर डॉक्टरबाईंनी लेप्याचा ओठ वर केला.
हिरडी पांढरीफटक, फोडलेल्या खोबऱ्यासारखी.
'अगो, ह्यां प्वाट भरलेलां नाय, फुगलेलां आसा.
खाता ह्यां, जेवतत दुसरेच.
वजन सांग. अंदाजान नको.'

बंदरावर काटा एकच.
भिकाजीनं बर्फ झाडला, पाटी धुतली,
पाची पिल्लं एकामागून एक.
लेपा थंडीनं कुडकुडला, त्याच्यासोबत आकडाही,
एक शंभर, एक तीनशे, थांबेचना.
आणि सवयीनं भिकाजी ओरडला,
'बोला, कोण बोलता?'
कोणी बोललं नाही.
मी लिहून घेतलं.

पिवळं, गोड वासाचं औषध,
बिनसुईच्या सिरिंजमधून गालाच्या कोपऱ्यात,
थेंब थेंब, घोट उतरेपर्यंत गळा चोळत.
पंधरा दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा.
आज मरतात ते मोठे. लहान मागून येतात.
तांबडीला गोळी, बांगड्याच्या पोटात लपवून.
'तिका कित्याक?' मी विचारलं, 'ती तर धडधाकट.'
बाई हात धूत होत्या.
'तिच्याकडसूनच इले ते. थोडे जन्माआधी,
थोडे दुधातसून.'

हे वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.
मला माझी आई आठवली, वावडिंगाचा काढा घेऊन उभी,
माझं नाक चिमटीत धरलेलं.
ती कोळ्याची सून, पण होडीत कधी बसली नाही.
लाटेकडे बघतानाही दाराची चौकट धरायची.
बावीस वर्षं मी बंदरावर आहे,
काठावर.
तिनं ते मला कधी दिलं, तिलाही कळलं नसेल.

दुसऱ्या सकाळी होडीमागे
तुटक्या तंगूसाचा गुंता पडावा तसे ते,
पांढरे, वेटोळे घातलेले, दोनचार अजून वळवळणारे.
पोरं अनवाणी धावली बघायला.
मी अशी ओरडले की भिकाजीचा लिलाव थांबला.
फावड्यानं खोल पुरलं, भरतीरेषेच्या बरंच वर.
मग सगळ्यांचे हात साबणानं, नखांसकट.
माझे दोनदा.

अकरा डिसेंबर. लेपा, एक किलो सातशे.
पोट बसलं, आता तो नावासारखा दिसतो,
आणि पोरांना नावाची मजा वाटेनाशी झालीय.

सोसायटीचा हिशेबनीस मार्चात आला.
समासावर बोट ठेवून म्हणाला,
ही मासळी कुणी उचलली? दर कुठाय?
मी म्हटलं, लिलाव झाला नाही.
बोट खाली सरकलं, मुडदुशीपाशी थांबलं.
'हिचा एकच आकडा?'

तेवढ्यात भिकाजी ओरडला,
'कर्ली, तीन किलो!'
मासा की पिल्लू,
मान वर करून बघावं लागलं.