खालचा कोपरा

हुपरीत त्या रात्री लाईट गेली होती
आणि मला वीज दिसली.

डाव्या डोळ्याच्या कडेला. एकदा. मग पुन्हा.
आभाळ कोरडं, चांदणं पडलेलं.
म्हटलं, दिवसभर बत्तीसमोर बसते,
फुंकणीतली ज्योत डोळ्यात उरली असेल.
पैंजणाच्या कडीला डाख लावणाऱ्या बाईला
रात्री ठिणग्या दिसणारच की.

सकाळी माशा आल्या.
हाकलल्या, तर नजर जाईल तिकडे फिरल्या.
दुपारनंतर काजळी,
तव्यामागची कुणी पाण्यात झटकावी
तशी सावकाश खाली उतरणारी.
चष्मा पुसला पदरानं. उणे अकराचा,
बाटलीच्या बुडासारखा चष्मा,
पुसून पुसून काच झिजायची बाकी.

सासूबाई म्हणाल्या, उष्णता.
टाळूवर एरंडेल थापलं.
मेडिकलवाल्यानं बाटली दिली, लाल डोळ्याची.
माझा डोळा लाल नव्हता. दुखतही नव्हता.
जरा ठणकला असता
तर लवकर शहाणी झाले असते.
आणि परवा दोन किलो घुंगरं पोचवायची होती.

बाळगोंडाअण्णा पलीकडच्या पाटावर बसतात.
एका डोळ्यानं तार ओढतात, दुसरा नावाला.
माझा चिमटा दोनदा कडी सोडून
हवेतच मिटला,
ते त्यांनी त्या एका डोळ्यानं पाहिलं.

"उजवा झाक," म्हणाले.
"समोर क्यालेंडर हाय. काय दिसतंय?"
"महिना दिसतोय. एकादशी दिसतीया."
"खाली?"

खाली सत्तावीस तारीख नव्हती.
उजव्या हाताच्या कोपऱ्यात
गढूळ पाणी चढावं तसं काहीतरी,
आणि त्याखाली भिंतसुद्धा नाही.

"दुखतंय?"
"न्हाई."
"मलाबी दुखलं न्हवतं," अण्णा म्हणाले.
"म्हणून दिवाळीची ऑर्डर आधी संपवली.
ऑर्डर येळेत गेली बघ."
मग थोडं थांबून,
"ऊठ. हात धूत बसू नको. ऊठ."

त्यांच्या पुतण्याचा छोटा हत्ती, मागं रिकामी पोती.
तळंदग्यापर्यंत पाणी बोटभर वर आलं,
उचगावला दोन बोटं.
एक डोळा झाकून मी रस्ता मोजत होते,
खालचं डांबर गेलं होतं,
वरची झाडं तेवढी धावत होती.

राजारामपुरीत, कितव्या गल्लीत ते आठवत नाही,
थेंब घालून बाहुली मोठी केली.
डॉक्टरबाई नाईकनवरे कपाळाला दिवा बांधून
माझ्या डोळ्यात बराच वेळ उभ्याच होत्या जणू.
"पडदा वरून सुटलाय. मधला भाग अजून धरून आहे.
वीज चमकली त्याच दिवशी आला असतात
तर कदाचित लेसरवर भागलं असतं.
परवा आला असतात तर..."
वाक्य तिथंच ठेवून विचारलं,
"आज काही खाल्लंय?"
चहा-खारी, सकाळी.

म्हटलं, डाख लावायचाय तर.
हसल्या. म्हणाल्या, "डाखच समजा."
त्यांनी घड्याळ पाहिलं,
तेव्हा पहिल्यांदा माझे पाय कापले.

नंतर सात दिवस पालथी.
डोळ्यात हवेचा बुडबुडा, हलला की जग डुचमळायचं.
फरशीवर एक टवका होता, घुंगराएवढा,
त्याच्याशी बोलून घेतलं सगळं:
घुंगरं कुणी पोचवली,
सासूबाईंनी एरंडेलाची बाटली का लपवली.

आता सरळ तार डाव्या डोळ्याला
जराशी लहरी दिसते.
बारीक कडी जमत नाही, वजनकाट्यावर बसते.
नव्या पोरींना म्हणते, झाका गं एक डोळा, मग दुसरा.
त्या खिदळतात, पण झाकतात.
जाड चष्म्याची ती रेश्मा खिदळत नाही.

महिना संपला तरी अण्णांनी पान उलटलं नाही.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले, का ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
कामाला बसायच्या आधी उजवा झाकून
तेवढं एक वाचते:
सत्तावीस. शनिवार.
खाली माझ्याच वाकड्या अक्षरात,
चहावाल्याचे पैसे.