नावासकट

ती पाण्यावरून आली नाही, पुलावरून आली,
चाकांवर बसून, पोट पट्ट्यांनी आवळलेलं.
खाली सेंट लॉरेन्स.
नदीत सोडली असती तर वीस मिनिटांचं काम,
पण सहा वर्षं इंजिनाने तोंड उघडलं नव्हतं.

सकाळी ऑग्डेन्सबर्गला, व्हर्ना लारॉकच्या अंगणात
ती ताडपत्रीखाली होती.
ताडपत्रीवर मेपलची पानं, पानांच्या खळग्यात पाणी.
"चालेल," व्हर्ना म्हणाली,
"तो गेला तेव्हा चालत होती."
कितीला, विचारलं.
अठराशे म्हणाली.
मी चार हजार घेऊन गेलो होतो,
तीनपासून घासाघीस सुरू करायची असं ठरवून.
सगळे आकडे गिळले.

मागच्या फळीवर निळ्या अक्षरांत: नॅडीन.
माझी नजर तिथे गेलेली तिने पाहिली.
"पुसलंत तरी चालेल.
एकतीस वर्षं मी विचारलं नाही, ही कोण.
आता विचारायला माणूस नाही."
पेन चालेना. पावती तिने पेन्सिलीने लिहिली,
मग दुसरं पेन शोधून गिरवली,
शाळेत गिरवतात तशी, जीभ दातांत धरून.
खाली फोन नंबर. "काही अडलं तर."

पुलाचा तळ लोखंडी जाळीचा आहे.
टायर घुमतात, कवळी हलते,
खाली बघू नये म्हणतात, बघितलंच:
पोटात गहू घेऊन एक लांबलचक जहाज
दोन देशांच्या मधल्या खोल पाण्यातून
समुद्राकडे निघालेलं.
आणि बदकं. त्यांना कोण विचारतं.

अलीकडे खिडकीत विशीतली पोरगी,
छातीवर पाटी: थिबोडो.
हत्यार? नाही. दारू? नाही.
ट्रेलरच्या वजनाची पट्टी?
गंजलीय, पण थुंकी लावून पुसली की दिसते.
"किंमत?"
"अठराशे."
"इंजिनासकट? ट्रेलरसकट?"
"नावासकट."
ती हसली नाही.
"मिस्टर टॅकाबेरी, रोज कोणीतरी मला
अर्ध्या किमतीची पावती दाखवतं. इतकी स्वस्त का?"

फॉर्मवर रकाने होते. लांबी, साल,
अश्वशक्ती, सांगाड्यावरचा बारा अक्षरांचा नंबर.
मी म्हणालो, "तिच्या घरात जागा नव्हती."

मग ती टॉर्च घेऊन बाहेर आली.
तळाला शिंपले चिकटलेत का ते पाहिलं,
(त्याच नदीचे शिंपले, दोन्ही काठांना सारखेच,
पण नियम आहे)
नंबर वाचला, पुन्हा वाचला,
पुढच्या बाकाची फळी उचलली,
हात खांद्यापर्यंत आत घातला
आणि काढलं
एक लाइफ जॅकेट. नारिंगी, बुरशीने काळवंडलेलं,
इतकं लहान की तिच्या एका हातावर मावलं.
लेबल तिने मोठ्याने वाचलं, सवयीने:
"तीस ते पन्नास पौंड."
कॉलरच्या आत मार्करने लिहिलेलं होतं, तेही वाचलं.
तेच, जे मागच्या फळीवर.
अक्षर मात्र मोठ्या माणसाचं, घाईतलं,
निघायच्या आधी लिहितात तसं.

"तुमच्या नातीचं?"
"नाही."
ती थोडा वेळ उभी राहिली.
मागे एका ट्रकने हॉर्न दिला.
मग तिने बक्कल लावलं, कट् असा आवाज झाला,
जॅकेट होतं तिथेच ठेवलं
आणि फळी बसवताना हात मध्ये धरला,
आपटू नये म्हणून.

त्यांचे डॉलर आमचे करून, वर तेरा टक्के:
तीनशे वीस आणि काही सेंट.
पावतीवरच्या अठराशेला तिने हात लावला नाही.

प्रेस्कॉटला, पेट्रोल पंपाच्या कडेला,
मी गाडी लावून बसलोय.
गिरवलेल्या नंबरातला शेवटचा आकडा
एक आहे की सात, कळत नाही.
दोन्ही लावून बघता येतील.
किंवा परत जाता येईल, पंधरा मिनिटं,
फक्त पलीकडच्या खिडकीतही विचारतील
काय नेताय म्हणून,
आणि किंमत.