कोरडं वजन

चौसष्ट किलो तीनशे.
शनिवारी घरी गेला तेव्हा एकसष्ट आठशे होता.
मधले अडीच किलो म्हणजे पाणी,
आणि थोडी चोरी.

"पेज घेतली," फटीकाका म्हणतो, "मीठ नाही घातलं."
मी त्याच्या घोट्यावर अंगठा दाबते.
खळगा पडतो आणि भरून येत नाही,
चिखलातल्या पावलासारखा राहतो.
घोट्याला खोटं बोलता येत नाही.

म्हापशाच्या इस्पितळात सात खुर्च्या. सहावी त्याची,
खिडकीजवळची. खिडकीतून एक फणस आणि स्कूटर.
सुई टोचण्याआधी मी डाव्या हाताच्या शिरेवर बोटं ठेवते.
आत काहीतरी घुरघुरतं.
"काय म्हणते ती?"
"चालू आहे."

चाळीस वर्षं हा चोडणला मानशीवर होता.
शाळेत आम्हाला मानस म्हणजे मन शिकवलं.
त्याच्या गावात मानस म्हणजे बांधातलं दार:
भरतीचा रेटा आला की मिटतं,
ओहोटी लागली की शेतातलं पाणी त्याला बाहेर ढकलतं.
"मग आपोआपच होतं की. तुझं काम काय?"
"फळीत काटकी अडकते. कुर्ली बांध पोखरते.
आपोआप म्हणणाऱ्याला
रात्री कंदील घेऊन उठावं लागत नाही."

आज रिपोर्ट मागितला. सोडियम किती?
एकशे अडतीस.
आणि दर्याचं?
मोबाइलवर शोधून सांगितलं, तिपटीहून जास्त.
आणि पावसाचं?
जवळजवळ काहीच नाही.
बराच वेळ पंप तेवढा फिरत राहिला,
नळीतून त्याचं रक्त जाऊन परत येत राहिलं.
"म्हणजे कोरगुटाचं शेत," तो म्हणाला.
"थोडं खारं चालतं त्याला. थोडंच."

किडनीबद्दल तो कधी तक्रार करत नाही.
यंदा पावणीत मानस घेतली त्या माणसाबद्दल करतो.
सुंगटांच्या हावेनं दारं भरतीलाही उघडी ठेवतो,
दोन शेतं खारावली, तिसऱ्याच्या कडेला पांढरी रेघ आली.
बोलता बोलता पोटरीत गोळा आला,
ओठ पांढरे. नव्वदवर साठ.
फार ओढलं होतं आम्ही.
पाय वर घेतले, थोडं सलाईन सोडलं.
जे काढायचं तेच परत द्यायचं, चमच्याचमच्यानं,
चार तासांत बसवायचं
दोन दिवसांचं काम.

डोळे न उघडता म्हणाला,
"बाय, मी एकही भरती चुकवली नाही.
माझ्या आतला तो
कधी निजला गो?"

मला त्याची तारीख माहीत होती,
क्रिएटिनिनचे आकडे ओळीनं फाइलमध्ये आहेत.
मी बर्फाचा एक खडा दिला,
हिशेबातला.

पाळी संपली. दिवसभरात मी किती पाणी प्यायले
मोजलं नाही. दुपारी तोराचं लोणचं खाल्लं,
बोटं चाटली.
बाथरूमचं दार लावून बसले
आणि या चौतीस वर्षांत पहिल्यांदा
कान देऊन ऐकलं.
पाठीत दोन मुठी,
ज्यांची पावणी कुणी लावली नाही,
ज्यांना मी कधी तेलही दिलं नाही.

बाहेर कडी वाजली.
"झालं का गो? पोंबुर्फ्याची फेरी चुकेल."
"थांब," मी म्हटलं.
"चालू आहे."